विकीची चौकशी

सणसर फाट्यावर एखादा अनोळखी माणूस एसटीतून उतरला, त्याच्या हातात कातडी बॅग असली आणि त्यानं लग्नाच्या वयाच्या कुणा पोराचं नाव घेऊन 'कसा काय आहे हो' असं विचारलं, तर आमच्याकडं त्याचा अर्थ एकच होतो. मुलीकडची माणसं चौकशीला आली. मग सगळं गाव एका सुरात बोलायला लागतं. ज्याच्याशी बांधावरून डोकी फुटलेली असतात तोसुद्धा 'पोरगं म्हणजे सोनं' म्हणून मोकळा होतो. कुणाची दारू झाकली जाते, कुणाची फिट झाकली जाते, एकाची तर पहिली बायको झाकली होती. लग्न मोडल्याचं बालंट अंगावर नको, एवढाच त्यामागचा विचार. ज्या पोरीला फसवलं जातंय ती कुणाला आठवत नाही. मला या प्रकाराची भयंकर चीड आहे, कारण माझंही लग्न अशाच एका सोन्याशी झालं होतं. चार वर्षांनी मी परत आले आणि बारामतीच्या एका प्रसूतिगृहात नर्स म्हणून लागले. ते असो. आजची गोष्ट माझी नाही, माझ्या भावाची आहे.

विकी माझ्याहून पाच वर्षांनी धाकटा. जन्मला तेव्हा सुईणीनं मुलगी म्हणून सांगितलं आणि घरानं ज्योत्स्ना नाव ठेवलं. ते नाव त्यानं कधी अंगाला लावून घेतलं नाही. सातवीत असताना एक दिवस त्यानं जाहीर केलं की माझं नाव विकी, आणि त्यानंतर दुसऱ्या नावानं हाक मारली की बहिरा व्हायचा. आमची आई अक्काबाई थोडे दिवस भांडली. पण पोर उपाशी झोपायला लागलं तशी तिनंच चुलीपुढून 'विकी, ये जेवायला' अशी हाक दिली. तिचा प्रश्न तिथंच मिटला. वडिलांचा मिटला नाही.

वडिलांना आम्ही आबा म्हणतो. बाजीराव म्हटलं की आसपासच्या गावांत 'काट्यावरचे का?' असं विचारतात, कारण त्यांची सगळी नोकरी माळेगावच्या कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर गेली. स्वतःच्या मेव्हण्याच्या गाडीलाही त्यांनी कधी मूठभर जास्त वजन दिलं नाही, आणि त्यापायी मामा आमच्याकडं दिवाळीला यायचे बंद झाले. रोज सकाळी बुद्धवंदना घेताना चौथ्या शीलाला त्यांचा आवाज आपोआप चढायचा. खोटं बोलणार नाही, हे ते शील. असा माणूस घरात असणं अभिमानाचं असतं आणि फार तापदायकही असतं. विकीला विकी म्हणणं त्यांच्या हिशेबानं खोटं होतं आणि ज्योत्स्ना म्हटलं तर पोर ओ देत नव्हतं. म्हणून ते त्याला नुसतं 'ए' म्हणायचे. वर्षानुवर्षं आमच्या घरात 'ए, पाणी आण' आणि 'ए, कंदील लाव' असंच चाललं होतं.

विकीनं फाट्याजवळ मोटार वायंडिंगचं दुकान टाकलं. विहिरीवरची मोटार जळाली की ती उघडायची, जळकी तार काढायची, नवी तार भरायची. हात असा की इंदापुरात दोनदा भरून जळालेली मोटार त्याच्याकडं आली की पुढं तीन उन्हाळे बोलायची नाही. ऊस वाळायला लागल्यावर मोटार कुणी भरली, ती बाई आहे की बापई, कुठल्या वस्तीतली आहे, हे कुणाला सुचत नाही. शर्टपँट, बारीक कापलेले केस, अंगाला वार्निशचा वास. मागून लोक बोलायचे, बोलायचे कसले, चघळायचे. चहाच्या टपरीवरचा सोनबा तर जयंतीच्या मिरवणुकीत त्याला पोरांच्या लेझमीतून बाजूला काढायला निघाला होता. विकी बाजूला झाला नाही. भांडलाही नाही. तो खेळत राहिला आणि सोनबाच दमला. माझ्या भावाचं मला जे सगळ्यात आवडतं ते हेच.

पण शरीर होतंच. छाती दडवायला तो मी प्रसूतिगृहातून नेलेली क्रेप बँडेजं घट्ट गुंडाळायचा, त्यावर बनियन, त्यावर शर्ट. एप्रिलमध्ये पत्र्याच्या दुकानात वार्निश तापवायची भट्टी पेटलेली असायची. संध्याकाळी बँडेज सोडलं की खाली कातडी सोललेली. मी औषध लावायची आणि तो भिंतीकडं तोंड करून बसायचा. एकदा तर जखमा चिघळून ताप भरला, तरी दुसऱ्या दिवशी बँडेज बांधूनच दुकानात गेला. खोल श्वास घेता येत नसे त्याला. मी नर्स, रोज दुसऱ्यांच्या जखमा बघते, पण त्या जखमांनी मी हरले.

डॉक्टर आम्ही कमी केले नाहीत. बारामतीतल्या एकानं मला बाजूला घेऊन सांगितलं, लग्न लावा, एक बाळंतपण झालं की सगळं जागेवर येतं. मी रोज बाळंतपणं बघणारी बाई, मला त्यानं काय जागेवर येतं ते चांगलं ठाऊक होतं. इंदापूरच्या डॉक्टरनं झोपेच्या गोळ्या दिल्या. विकी आठवडाभर झोपला आणि उठला तेव्हाही विकीच होता. कळंबची मावशी म्हणाली, देवीला सोडा. आता पोरगा बाईसारखा वागला तर लोक निदान त्याच्या हातात परडी देऊन देवीच्या दारात उभं तरी करतात. पोरगी म्हणून जन्मलेला पोरगा निघाला तर त्याची सोय देवीकडंही नाही. आणि आम्ही तर छप्पन सालापासून देव सोडलेली माणसं. आम्ही कुणाच्या दारात जाणार?

शेवटी पुण्याच्या एका मोठ्या दवाखान्यात मनोविकार विभागातल्या वैदेही मॅडम भेटल्या. त्यांनी विकीला 'असं का वाटतं' हे विचारलंच नाही. 'कधीपासून' एवढं विचारलं, आणि तो सांगत होता ते ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर विकी दवाखान्याच्या पायरीवर बसून उसाचा रस प्यायला आणि म्हणाला की आज पहिल्यांदा डॉक्टरकडं गेल्यासारखं वाटलं.

मॅडमच्या चिठ्ठीवर इंजेक्शनं सुरू झाली. ती मीच द्यायची. आवाज फुटला, ओठावर मिशी आली, आणि आरशापुढं उभा राहून तो ती मिशी पिळायला बघायचा तेव्हा आई पदरात तोंड घालून हसायची. छातीच्या ऑपरेशनला मात्र सर्जननं अटी घातल्या. आधी वर्षभर पुरुष म्हणून उघडपणे राहायचं, मग दवाखाना त्याची खात्री करून घेणार, आणि सगळ्यात शेवटी बापाची सही. विकी सव्वीस वर्षांचा होता. मत देत होता, कमावत होता, आईबापाला सांभाळत होता. पण कागदावर तो बिनलग्नाची बाई, आणि बाईच्या ऑपरेशनला बाप नाहीतर नवरा लागतो. म्हणजे बापई व्हायला निघालेल्यानं आधी बाई म्हणून बापाची परवानगी आणायची. उद्या बापानं केस केली तर काय, अशी त्या सर्जनला भीती होती. मी वैदेही मॅडमपुढं भरपूर तोंडसुख घेतलं. त्या म्हणाल्या, नियम मलाही पटत नाही, पण सही आणा.

आबांनी सही दिली नाही. त्यांनी आरडाओरडा केला असता तर मला सोपं गेलं असतं. ते शांतपणे म्हणाले, "करुणा, त्याला काय करायचं ते करू दे. मी आडवा येत न्हाय. पर मी बाप हाय, माझ्या घरात पोरगी जलमली, हे मला ठावं हाय. ते न्हाय झालं असं मी लिवून देनार न्हाय."

मी म्हटलं, तुम्हाला फक्त सही करायचीय.

"सही म्हंजी काय मग?" ते म्हणाले. विकी दारात उभा होता. तो नुसता 'बरं आबा' म्हणाला आणि दुकानात गेला. त्या रात्री मला आबांचा जेवढा राग आला तेवढा माझ्या नवऱ्याचाही कधी आला नव्हता.

वर्ष पुरं झालं. एका रविवारी मी सणसरला घरी होते, तांदूळ निवडत होते. तेवढ्यात शेजारची बानूबाई धापा टाकत आली. म्हणाली, "करुणे, ऊठ, लुगडं बदल. विकीला स्थळ आलंय. पुन्याचं पाव्हनं फाट्यावर चौकशी करत्यात, कातडी बॅग हाय."

मला काही कळेना. बानूबाईनं जे सांगितलं ते असं. पाहुणा उतरला, जय भीम म्हणाला, नाव बुद्धघोष सांगितलं, म्हणजे आपल्यातलाच. विकीचं दुकान कधीपासून आहे, वागायला कसा आहे, कुणाबरोबर ऊठबस आहे, भांडणतंटा आहे का, असं त्यानं विचारलं. कशासाठी विचारताय असं म्हटल्यावर तो नुसता हसला आणि म्हणाला, सहजच. आता सणसरमध्ये सहज कोण विचारतं? सगळ्यांनी काय ते ओळखलं. आणि मग गाव सवयीप्रमाणं सुरू झालं. पोरगं निर्व्यसनी. बापाच्या शब्दाबाहेर नाही. बायकांकडं मान वर करून बघत नाही. लेझमीतून विकीला ओढायला निघालेल्या सोनबानं पाहुण्याला फुकट चहा पाजला, 'पोरांच्या लेझमीत पहिल्या रांगेत आमचा विकीच' असं छातीठोक सांगितलं आणि लग्नाचा मांडव कुठं घालता येईल ती जागाही दाखवून ठेवली.

"आणि बाकीचं?" मी विचारलं. "ते कुणी सांगितलं का?"

"आगं येडी का काय तू," बानूबाई म्हणाली. "कुनाच्या पोराचं लगीन मोडायचं व्हय?"

मी कपाळावर हात मारला. त्याच वेळी मला हसूही आलं. पंधरा वर्षं जे गाव मागून चघळत होतं, तेच गाव एका बॅगवाल्या पाहुण्यापुढं विकीला उपवर मुलगा म्हणून उभं करून बसलं होतं, आणि आपण काय केलं ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

पाहुणा अंगणात आला तसं मी त्याला ओळखलं. वैदेही मॅडमच्या खोलीबाहेर बसणारे दवाखान्याचे समाजसेवक. खात्री करून घ्यायला हेच आले होते, आणि रुग्णाचं गुपित गावात फुटू नये म्हणून कुठून आलो ते सांगत नव्हते. त्यांनी मला बघून नमस्कार केला, ओळख दाखवली नाही. मीही दाखवली नाही. दवाखान्याचा माणूस म्हटलं असतं तर आबा उठून मळ्यात निघून गेले असते.

आबांनी पाहुण्याला खाटेवर बसवलं. आईनं चहा ठेवला. बानूबाई आधीच येऊन सगळं सांगून गेली होती, त्यामुळं आबांच्याही डोक्यात तेच होतं. ते खाली सतरंजीवर बसले. बुद्धघोष सरांनी विचारलं, "विकीबद्दल तुम्ही काय सांगाल?" हा माणूस खोटं बोलणार नाही, हे मला माहीत होतं. आता तो 'ही माझी मुलगी आहे' म्हणणार, दवाखान्याचा माणूस ते ऐकणार, आणि विकीचं ऑपरेशन तिथंच बुडणार. मी मधे बोलायला तोंड उघडलं, तर आबांनी हातानं थांबवलं.

"पाव्हनं, च्या घ्यायच्या आदी ऐकून घ्या," ते म्हणाले. "मागनं म्हनाल बाजीरावनं फसिवलं. गावानं तुमाला जे सांगितलं ते समदं खरं असल. पर एक गोष्ट कुनी सांगितली नसल, ती सांगितल्याबिगर मला तुमच्या लेकीकडं बघायला तोंड ऱ्हानार न्हाय."

बुद्धघोष सरांनी हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला.

"ह्यो आमचा पोरगा जलमला तवा आमी त्याला पोरगी समजलो. शरीर तसं व्हतं. आमी वरचं बघितलं आन तेच धरून बसलो. त्याचं त्याला पैल्यापास्नं ठावं व्हतं, आमालाच कळाया उशीर लागला. अजून शरीर त्याला साथ देत न्हाय. पुन्याला डाक्टरीन बाई हायेत, त्या करनार हायेत काय ते. पोरंबाळं त्याला व्हनार न्हाईत. हे तुमच्या पोरीला आदी सांगा, तिच्या आईला न्हाय, तिला सांगा. ती नको म्हनली तर आमचा काय राग न्हाय." ते थांबले. "पर पोरगा म्हनून इचाराल, तर त्याच्यात खोट न्हाय. मी काट्यावरचा मानूस हाय. मी वजन वाढवून सांगत न्हाय."

आईच्या हातातली सांडशी तशीच राहिली आणि चहा उतू गेला. मी रडले, मला लाज नाही सांगायला. एका परक्या, न पाहिलेल्या, मुळात नसलेल्याच पोरीची फसवणूक होऊ नये म्हणून आबांनी खरं सांगायला तोंड उघडलं, आणि त्यांच्या तोंडून खरं म्हणून जे बाहेर पडलं ते हे होतं. माझ्या वेळी सासरच्या गावात असा एक माणूस असता तर, असंही मनात आलं. अंगणाच्या कडेला विकी उभा होता. त्यालाही कुणीतरी पाहुणे आल्याचं सांगितलं होतं. हाताला वार्निश तसंच होतं, आणि तो पुढंही येत नव्हता, मागंही जात नव्हता.

बुद्धघोष सर म्हणाले, "बाजीराव, मला माफ करा. मी मुलीकडचा नाही. मी पुण्याच्या दवाखान्यातून आलोय."

आबांना ते उमगायला वेळ लागला. उमगलं तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला. सकाळपासून अख्ख्या गावाला येड्यात काढलं का, असं त्यांनी विचारलं. सरांनी दवाखान्याचा नियम समजावून सांगितला. गाव विकीला काय समजतं एवढंच बघायचं होतं, ते सोनबांच्या टपरीवरच बघून झालं, असंही म्हणाले. मग चाचरत चाचरत म्हणाले की आता फक्त तुमच्या सहीचं राहिलंय, संमतीपत्र बरोबर आणलंय, पण आज घाई नाही.

"आना हिकडं," आबा म्हणाले.

त्यांनी चष्मा लावला. काट्यावरचा माणूस, न वाचता कशावर सही करणार नाही. ओठ हलवत ते पहिल्या ओळीपासून वाचत गेले. 'मी खाली सही करणार, माझी मुलगी कुमारी ज्योत्स्ना हिच्यावर.' तिथं थांबले. कागद सरांच्या हातात परत दिला.

"ह्ये खोटं हाय," म्हणाले. "ह्याच्यावर मी सही करनार न्हाय."

वर्षापूर्वी याच खाटेजवळ याच आवाजात ते नाही म्हणाले होते. पण त्यांनी सरांच्या खिशातलं पेन मागून घेतलं, कागद मांडीवर ओढला, 'मुलगी कुमारी ज्योत्स्ना हिच्यावर' हे सगळं सावकाश खोडलं आणि वर आपल्या गोल अक्षरात लिहिलं, 'मुलगा विकी याच्यावर'. मग खाली सही केली.

बुद्धघोष सर अडचणीत पडले. म्हणाले, खाडाखोड चालते की नाही ते विचारावं लागेल, ऑफिसातून कागद परतही येईल.

"येऊ द्या," आबा म्हणाले. "जितक्यांदा पाठवाल तितक्यांदा खोडीन. मी हितंच हाय." मग अंगणाकडं वळून म्हणाले, "विकी, पाव्हन्यांना फाट्यावर सोडून ये, एसटीचा टाइम झाला." विकीनं हात पुसले, एम-एटी काढली, आणि किक मारताना त्याचा पाय दोनदा घसरला.

कागद परत आलाच. आबांनी चष्मा लावून पुन्हा खोडला. दुसऱ्या खेपेला वैदेही मॅडम तो स्वतः हातात घेऊन सर्जनच्या खोलीत गेल्या आणि तारीख घेऊनच बाहेर आल्या. ऑपरेशन फेब्रुवारीत झालं. दवाखान्याच्या रजिस्टरला मात्र ती खाडाखोड कुणी कळवली नव्हती. आम्ही तिघं व्हरांड्यातल्या बाकावर बसलो होतो, बाकी पेशंटांचे नातेवाईक होते. दुपारी आतली सिस्टर दार उघडून बाहेर आली आणि म्हणाली, "ऑपरेशन झालं, व्यवस्थित आहे. मुलीचे वडील कोण?"

आबा हलले नाहीत. मला वाटलं, अडून बसले. सिस्टरनं पुन्हा, जरा चढ्या आवाजात विचारलं. तेव्हा आबा वाकून बाकावरच्या एकेकाकडं बघायला लागले आणि माझ्या कानाशी येऊन, जरा वैतागूनच म्हणाले, "कोन गं बाप ह्यो? मघाधरनं बाई हाका मारतीय, लेकीचं ऑपरेशन झालंय, आन ह्याला पत्ताच न्हाय."